चौसष्ट पानं, मोजून मिळाली

डॉक्टर त्रुटीसाहेबांना म्हणाले, तुम्हाला नैराश्य आहे आणि जोडीला थोडी चिंताही आहे. त्यावर त्रुटीसाहेबांनी विचारलं, याला पुरावा काय?

यात उद्धटपणा नव्हता, सवय होती. एकतीस वर्षं हा माणूस विमा कंपनीत दावे तपासत बसला होता. नळ फुटून गालिचा भिजला असं कुणी कळवलं, की साहेब लिहिणार, गालिचा कोरडा असतानाचा फोटो जोडलेला नाही. गाडी मागे घेताना खांबाला घासली म्हटलं, तर खांबाचा जबाब मागवणं तेवढं ते बाकी ठेवत. फाइलच्या समासात लाल शाईने 'त्रुटी' असा शब्द लिहायचा, खाली आकडे घालून कारणं द्यायची आणि फाइल परत पाठवायची, यात त्यांची निम्मी हयात गेली. त्यावरून ऑफिसात त्यांचं नाव त्रुटीसाहेब पडलं, तिथून ते इमारतीत पोचलं, आणि खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं. घरातही तोच खाक्या. सकाळी चहाबरोबर रेडिओवर बातम्या लागत आणि साहेब निवेदकाला बातमीगणिक पुरावा मागत. निवेदक बिचारा त्यांना कधीच उत्तर देऊ शकला नाही.

गेले तीन महिने मात्र रेडिओ बंद होता. पहाटे पाचला जाग यायची आणि छातीवर कुणी दगड ठेवून गेल्यासारखं वाटायचं. तो दगड घेऊन दात घासायला उठायचं म्हणजे मोठीच मोहीम. ऑफिसात एकच फाइल दिवसभर पुढ्यात उघडी. लिफ्टमध्ये कुणी 'काय म्हणता' म्हटलं तरी तळहाताला घाम फुटायचा. बायकोशी बोलणं 'चहा झाला का' आणि 'हो' एवढ्यावर येऊन थांबलं होतं. शेवटी तिनेच नंबर लावला आणि त्यांना डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

डॉक्टरही खमके होते. बाहेर बसून साहेबांनीच भरलेली नऊ प्रश्नांची प्रश्नावली त्यांनी पुढे सरकवली. सत्तावीसपैकी चौदा गुण, खाली सही साहेबांची. स्वतःची सही बघून साहेब नरमले. डॉक्टरांनी सहा आठवड्यांची रजा लिहून दिली आणि सांगितलं, की समुपदेशकाला प्रत्यक्ष भेटायला चार महिन्यांची रांग आहे, पण तोवर घरच्या घरी करण्याजोगा एक अभ्यास आहे. एक पुस्तिका मिळेल, ती स्वतः भरायची. दर गुरुवारी केंद्रातून एक ताई पंधरा मिनिटं फोन करून विचारपूस करतील.

पुस्तिका आरोग्य केंद्राच्या खिडकीवर मिळाली. साहेबांनी तिथेच उभं राहून पानं मोजली आणि पावतीवर लिहिलं, 'एकूण पाने चौसष्ट, मोजून मिळाली.' खाली सही, तारीख, वेळ. खिडकीतल्या कारकुनाने चष्म्यावरून त्यांच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि पावती जपून ठेवून दिली.

आता अशी पुस्तिका साधारण माणूस चार दिवस उघडतो, पाचव्या दिवशी तिच्यावर चहाचा कप ठेवतो आणि मोकळा होतो. पण साहेबांना ती बघताक्षणी आवडली. आत रकाने होते. मनात येणारा त्रासदायक विचार एका रकान्यात लिहायचा. त्याच्यावर आपला किती विश्वास आहे ते शंभरपैकी आकड्यात मांडायचं. मग एका बाजूला विचाराच्या बाजूचा पुरावा, दुसऱ्या बाजूला विरुद्ध पुरावा, आणि दोन्ही तोलून पुन्हा आकडा. आपल्या दुखण्यावर जगात असा कुणीतरी शहाणा माणूस बसून फॉर्म तयार करतो, या कल्पनेने साहेबांना तीन महिन्यांत प्रथमच जरा बरं वाटलं.

त्यांनी विचार लिहिला तो असा: 'माझ्यावाचून कुणाचं काहीही अडत नाही.' विश्वास, शंभरपैकी नव्वद.

हा आकडा नुसता आकडा नव्हता. टेबलाच्या खालच्या खणात त्यांनी मुदतीआधीच्या निवृत्तीचा अर्ज टाइप करून ठेवला होता. नोकरी सोडायची, दार लावून घ्यायचं आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. बायकोला यातलं काही सांगितलं नव्हतं. आता त्यांनी मनाशी नियम केला, की सहा आठवड्यांनी हा आकडा पन्नासच्या खाली आला तर अर्ज फाडायचा, नाहीतर सादर करायचा. नियम केला की त्यांना बरं वाटे.

पुस्तिकेत पुराव्याच्या रकान्यासाठी चार ओळी होत्या. 'आपल्या अनुभवातल्या गोष्टी आठवून लिहा,' असं खाली बारीक अक्षरात होतं. आठवून? साहेबांना हसू आलं. अर्जदाराने स्वतः आठवून लिहिलेलं ग्राह्य धरायला लागलो, तर विमा कंपन्या उद्या कुलूप लावतील. पुरावा म्हणजे त्रयस्थाचा, लेखी, सही-तारखेसकट. त्यांनी एक छोटा फॉर्म तयार केला. 'श्री. अमुक यांच्यावाचून आपले काही अडते काय? होय किंवा नाही. कारण थोडक्यात.' तेवीस प्रती काढल्या आणि घाम पुसत पुसत ते जिना उतरले.

पहिले भेटले ते वरच्या मजल्यावरचे ड्रिल मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण बोलताना अजून समोर साठ पोरं उभी आहेत असा आवाज. साहेबांची तब्येत बरी नाही, हे त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी प्रथम जिन्यातच साहेबांकडून दहा बैठका काढून घेतल्या, उदास माणसाच्या पोटऱ्या नेहमी कच्च्या असतात असा सिद्धांत सांगितला, आणि मग फॉर्म वाचला. आजारी माणसाच्या डोक्याला ताप नको, म्हणून अतिशय प्रेमाने त्यांनी लिहिलं: 'नाही. लिफ्टच्या तपासणीची वही आता मी बघतो. आपण निश्चिंत असावे.'

इमारतीच्या सेक्रेटरीण बाईंनी तर पाणी दिलं, पंखा लावला आणि आपल्या नणंदेला असंच व्हायचं ते भिंतीला निळा रंग दिल्यावर कसं थांबलं, ते सविस्तर सांगितलं. मग गोल अक्षरात लिहिलं: 'अजिबात नाही. तुम्ही येत नाही तेव्हापासून सभा वीस मिनिटांत संपते.' यात साहेबांना हिणवण्याचा हेतू नव्हता. त्यांच्या जिवाला दगदग नको, एवढंच बाईंना म्हणायचं होतं.

मेहुण्याने फोनवरच सांगितलं, की भावजी, हे सगळं मनावर घेऊ नका. मनाचा आजार मनावर घ्यायचा नाही तर कुठे घ्यायचा, हे साहेबांनी विचारलं, पण तोवर फोन ठेवला होता. ऑफिसात त्यांच्या हाताखालच्या तपासनीस मुलीला त्यांनी फॉर्म पाठवला. ही मुलगी त्यांनीच घडवलेली. तिने उलट टपाली कळवलं: 'सर, काही काळजी करू नका. तुमच्या टेबलावरच्या सगळ्या फायली आम्ही नऊ दिवसांत निकाली काढल्या. खूप विश्रांती घ्या.' खाली तिने हसरा चेहरा काढला होता. त्या चेहऱ्याकडे साहेब अर्धा तास बघत बसले.

तेवीसपैकी एकवीस फॉर्म परत आले. एकवीसच्या एकवीस 'नाही'. माणसांनी मायेने लिहिलेला शब्द न् शब्द साहेबांच्या चुकीच्या रकान्यात जाऊन पडत होता. त्यांनी सगळे कागद क्रमवार लावून टाचले, परिशिष्ट केलं आणि आकडा सुधारला. शहाण्णव.

गुरुवारी ताईंचा फोन आला. आवाज तरुण आणि शांत होता. साहेबांनी परिशिष्ट वाचून दाखवलं. दहाव्या फॉर्मपर्यंत ताई 'हं' म्हणत होत्या, नंतर त्यांचं 'हं' बंद झालं.

"पण तुम्ही आजारी आहात हे त्यांना माहीत होतं ना?" त्यांनी विचारलं. "मग ते दुसरं काय लिहिणार? आणि घरी? बायकोला विचारलंत?"

साहेबांनी ताईंना समजावून सांगितलं, की जवळच्या नातेवाइकाची साक्ष ग्राह्य नसते. मग ताई म्हणाल्या की पुढच्या गुरुवारपर्यंत कागद राहू द्या, रोज फक्त वीस मिनिटं चालून या. साहेब चालून आले. कागद मात्र राहू दिले नाहीत.

सहाव्या आठवड्यात नवा घोटाळा झाला. पुस्तिकेच्या शेवटी विचार-नोंदीची कोरी पानं होती. ती चाळताना साहेबांच्या लक्षात आलं, की शेहेचाळीसनंतर एकदम एकोणपन्नास. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा कागद गायब. तोही ठिपक्यांच्या रेघेवर अगदी स्वच्छ फाडलेला.

दुसरा कुणी असता तर त्याने पुढचं पान वापरलं असतं. साहेब शर्ट बदलून, तळहात पुसत, आरोग्य केंद्रात गेले. चार महिन्यांत ते स्वतःहून प्रथमच एवढ्या लांब आले होते, पण रागाच्या भरात ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. खिडकीपुढे अकरा माणसं होती. नंबर आल्यावर त्यांनी सदोष पुस्तिकेबद्दल रीतसर तक्रार मांडली. कारकुनाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पान आधीपासूनच नव्हतं, याला पुरावा काय?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न साहेबांना कुणी विचारला नव्हता. तो विचारायचा असतो, झेलायचा नसतो, अशीच त्यांची समजूत. ते काही बोलणार, तोच कारकुनाने मागच्या खोक्यातून एक पावती काढली आणि काचेला लावून धरली. 'एकूण पाने चौसष्ट, मोजून मिळाली.' सही, तारीख, वेळ.

"ही तुमचीच सही ना?" कारकून म्हणाला. "म्हणजे कागद तुमच्या ताब्यात असताना गेलाय. तक्रार घेता येणार नाही. पुढचे या."

मागच्या बाईंनी हलकेच खांद्याने त्यांना बाजूला सारलं. परत येताना साहेबांच्या मनात विचार आला, की आपण कागद फाडला आणि विसरलो, म्हणजे आता स्मरणशक्तीही चालली. हाही विचार नोंदवायला हवा होता, पण कोरी पानं मोजून ठेवलेली, त्यातलं एक या कामी खर्चायचं की नाही ते ठरेना. अपमान, धास्ती आणि उकाडा यांनी बेजार होऊन ते घरी आले आणि सोफ्यावर बसले. नेमके घाम पुसायला काढून ठेवलेल्या चष्म्यावरच बसले. उठून पाहतात तो चष्म्याचा स्क्रू कुठेतरी उडालेला आणि एक काच हातात.

त्यांची बायको चष्म्याच्या दुकानात फ्रेमा दुरुस्त करायची. डोळ्यालाही न दिसणारे स्क्रू ती चिमट्याने असे बसवायची, की गिऱ्हाइकं मालकाला सोडून तिची वाट बघत थांबत. ती दुकानातून यायला अजून तीन तास होते. घरी तिची एक लहान पेटी होती, आत स्क्रू, नाकावरच्या गाद्या, इवलेसे पेचकस. आपणच बसवू स्क्रू, असं म्हणत साहेबांनी पेटी उघडली, चाचपडत तळाचं मखमली कापड उचललं, आणि खाली चौघडी केलेला कागद लागला.

मोकळी काच डोळ्याला लावून त्यांनी तो उलगडला. पान सत्तेचाळीस. अक्षर बायकोचं.

परिस्थिती: 'यांच्या खणात निवृत्तीचा अर्ज सापडला. मला सांगितलेलं नाही.' विचार: 'माझ्याशी बोलून काही उपयोग नाही असं यांना वाटतं. मीच कुठेतरी कमी पडले.' विश्वास: पंच्याण्णव.

बाजूचा पुरावा: 'एक. तीन महिने चहाशिवाय बोलणं नाही. दोन. एवढा मोठा निर्णय एकट्याने घेतला. तीन. आपल्यावाचून अडतं का, हे सगळ्या इमारतीला विचारलं. ऑफिसला विचारलं. माझ्या भावाला विचारलं. मला विचारलं नाही.'

विरुद्ध पुराव्याचा रकाना कोरा होता. तिथे दोनदा काहीतरी लिहून खोडलेलं दिसत होतं, इतकं की कागद विरला होता.

साहेबांनी काच खाली ठेवली. ती पुसून पुन्हा डोळ्याला लावली, तरी दिसेना, तेव्हा त्यांना कळलं की ओल काचेला नव्हती. ही बाई रोज सकाळी आपल्यापुढे चहा ठेवत होती आणि हे सगळं पोटात घेऊन दुकानात जाऊन लोकांच्या चष्म्यांचे स्क्रू बसवत होती. आपण काय करत होतो? फॉर्म टाचत होतो. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

आणि मग, कागदाकडे बघता बघता, त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. हा दावा साफ चुकीचा होता. इतका कच्चा दावा त्यांच्या टेबलावर कधी आला नव्हता, आणि तो पंच्याण्णव गुणांनी मंजूर होऊन बसला होता. त्यांनी लाल पेन काढलं, एका हाताने काच डोळ्याशी धरली आणि समासात लिहिलं, 'त्रुटी.'

'मुद्दा एक. सदर इसम तीन महिने कुणाशीच बोलत नव्हता. रेडिओशीही नाही. याचा अर्जदार बाईंशी संबंध जोडता येत नाही. अग्राह्य. मुद्दा दोन. निर्णय घेतलेला नाही. अर्ज खणात आहे, कारण तो द्यायची इसमाची छाती झाली नाही. मुद्दा तीन. बाईंना विचारलं नाही, कारण जवळच्या नातेवाइकाची साक्ष चालत नाही असा नियम लावला. नियम चुकीच्या ठिकाणी लावला. चूक तपासनिसाची.'

मग ते कोऱ्या रकान्याकडे वळले. डॉक्टरांकडे कुणी नेलं? बाईंनी. रोज वीस मिनिटं चालताना अर्ध्या वाटेवर अचानक कोण भेटत असे आणि 'इकडे काम होतं' म्हणून खोटं सांगत असे? बाई. चार ओळी संपल्या, समास संपला, पानाची मागची बाजू संपली. साहेबांनी जोडपत्र लावलं. तीन तास कसे गेले ते त्यांना कळलं नाही.

ती आली तेव्हा ते एका डोळ्याला काच धरून दारात उभे होते. त्यांनी कागद तिच्या हातात दिला. तिने खांद्यावरची पर्सही न काढता उभ्यानेच तो वाचला. मधेच तिला हसू आलं, मग रडू आलं, आणि पुढे बराच वेळ दोन्हीचं काही ठरेना.

"असं लिहून नाही. आता तुम्ही तोंडाने विचारा मला," ती म्हणाली. "राहिलेला चोविसावा फॉर्म समजा."

साहेबांच्या तळहाताला घाम फुटला. "माझ्यावाचून तुझं काही अडतं का?"

"अडतं," ती म्हणाली. "चार महिने मला जगात काय चाललंय ते माहीत नाही. मी बातम्या कधी ऐकतच नाही हो. तुम्ही त्यांच्याशी भांडता ते ऐकते. तेवढं ऐकलं की घर चालू आहे असं वाटतं. नाहीतर संध्याकाळी जिन्यात थांबते मी, आत यायला भीती वाटते म्हणून." तिने डोळे पुसले. "आणि खण उघडून बघा जरा."

खण साहेबांनी कितीतरी दिवसांत उघडला नव्हता. अर्ज होता तिथेच होता. त्याच्या समासात, त्यांच्याच लाल पेनाने, बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं: 'त्रुटी. घरात विचारलेलं नाही. अर्ज परत.'

साहेबांनी तो शेरा दोनदा वाचला. पळवाट कुठेही नव्हती.

गुरुवारी ताईंनी आकडा विचारला. साहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं, अठ्ठावन्न. नियमाप्रमाणे पन्नासच्या वर म्हणजे अर्ज सादर करायला हवा, हे त्यांना मान्य होतं. पण त्रुटीची पूर्तता झाल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही, आणि पूर्ततेसाठी घरात विचारलं, तर घरातून 'नाही' असं उत्तर आलं. तेव्हा रांगेतला आपला नंबर राहू द्यावा, आपण समुपदेशकाला भेटणार आहोत, आणि पुस्तिकेची आणखी एक प्रत मिळाल्यास बरं, घरात दोन माणसं आहेत, असं त्यांनी कळवलं. ताईंनी पुन्हा 'हं' म्हटलं आणि जास्तीची प्रत लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला जाग आली. दगड होता. कालच्यापेक्षा हलका होता की काय, ते सांगता येणं कठीण, वजन करायची सोय नव्हती. साहेब तो घेऊनच उठले, चष्म्याचा नवा स्क्रू चाचपून पाहिला, उजाडल्यावर चहा घेतला आणि रेडिओ लावला. निवेदक म्हणाला, की आज दिवसभर आकाश स्वच्छ राहील.

"कशावरून?" साहेबांनी विचारलं. आवाज थोडा बसका निघाला, पण निघाला.

आत बायकोने हातातलं काम थांबवलं आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा बातम्या ऐकल्या.